पाचारण आणि परवानगी : पोर्तुगीज किनाऱ्यावरील एतद्देशीय वैराग्याचे तीन दाखले

इ. स. १६७७ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस गोव्यांतील साष्टी प्रांतीं, सांकवाळच्या इगर्जींत, सव्वीस वर्षांच्या एका पाद्र्यानें आपण गुलाम झाल्याचा दस्तऐवज लिहून दिला. ज्यास लिहून दिला तो सावकार नव्हे, सरदारहि नव्हे. येशूची माता मारिया ही होय. लिहून देणाराचें नांव जुझे वाझ. जुनीं दफ्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्या आमच्या वाचकांस बटकी, कुणबिणी व गुलाम यांच्या विक्रीचे कागद अपरिचित नाहींत. त्या कागदांत विकणारा बोलतो, घेणारा बोलतो, साक्षीदार बोलतात. विकलें जाणारें माणूस मात्र सबंध कागदभर मुकें असतें. सांकवाळच्या दस्तऐवजांत तेंच एक बोलतें आहे.

हा कागद आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो निव्वळ त्यांतील भक्तीमुळें नव्हे. ख्रिस्ती धर्मांत पाद्र्याचा किंवा मठवासी बंधूचा मार्ग धरणारास ईश्वरानें बोलावलें पाहिजे असें मानतात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत ह्यास पाचारण म्हणतात; कोंकणींत आपोवणें असा गोड शब्द आहे. परंतु हें बोलावणें ऐकणाराच्या अंतःकरणांत होतें, आणि अंतःकरणाचें दफ्तर कोणी ठेवीत नाहीं. दफ्तर राहतें तें परवानगी देणाराचें. सोळाव्या व सतराव्या शतकांत वसईपासून साष्टीपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या एतद्देशीयांस आपणांस पाचारण झालें असें वाटलें, त्यांचा इतिहास म्हणूनच बहुतांशीं नकारांचा इतिहास आहे; नकार लिहिले गेले, हांक लिहिली गेली नाहीं. सांकवाळचा कागद ह्या नियमास अपवाद आहे. तो नीट समजावा म्हणून आधीं दोन जुने दाखले पाहणें अवश्य आहे : एक वसईचा, एक दिवाडीचा.

परवानगीची ही बाब आपल्याकडे नवखी नाहीं. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, आणि गृहस्थाश्रम मोडून आलेला शिष्य आहे हें कळतांच गुरूनें त्यांस आळंदीस परत धाडलें, ही कथा प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. वैराग्य खरें असून भागत नाहीं. तें स्वीकारणारा लागतो. कॅथॉलिक पंथानें हा स्वीकार नियमांनीं बांधून टाकिला. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असें ठरविलें कीं, दीक्षेच्या उमेदवारानें महिनाभर आधीं बिशपाकडे यावें, त्याचें नांव इगर्जींत सर्वांसमक्ष पुकारावें, आणि त्याचा जन्म, वय, वर्तन व आयुष्यक्रम यांविषयीं विश्वासू माणसांकडे चौकशी करावी. पाद्री होण्यास वयाचें पंचविसावें वर्ष लागलेलें असावें. मठांत शिरणारानें एक वर्ष उमेदवारी केल्यावांचून शपथ घेऊं नये, आणि सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तर मुळींच घेऊं नये. त्याच परिषदेनें १५६२ सालीं आणखी एक कलम घातलें होतें : ज्यास धर्मखात्याची वृत्ति नाहीं त्यास, पोटापुरतें उत्पन्न असल्याखेरीज, दीक्षा मिळूं नये, पाद्र्यानें भीक मागत हिंडणें धर्मास लाजिरवाणें. ह्या कलमाचा परिणाम गोव्यांत असा झाला कीं, मुलास पाद्री करावयाचें म्हणजे कुटुंबानें एखादें शेत किंवा माडांचें कुळागर त्याच्या नांवें करून द्यावें लागे. म्हणून एतद्देशीय पाद्र्याच्या पाचारणाचा पहिला लेखी पुरावा पुष्कळदां जमिनीच्या कागदांत सांपडावयाचा. त्यांत ईश्वराचें नांव प्रारंभींच्या ओळींत, आणि पुढें सगळी चतुःसीमा.

उमेदवार तयार, शेतहि तयार. तरी प्रश्न उरेच. पुढें कोणतें दार? पोर्तुगीज अमलांत एतद्देशीयास बिशपाच्या हाताखालीं गांवोगांवच्या इगर्जींत काम करणारा पाद्री होतां येई. तेंहि बहुधा युरोपीय मुख्य पाद्र्याचा मदतनीस म्हणून. परंतु मठ आणि संघ, म्हणजे फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट, यांचीं दारें त्यास बंद होतीं. जेझुइटांचा एक अपवाद सांगण्यांत येतो. कोल्लमचा ब्राह्मण पेरू लुईश यास संघांत घेतलें व पुढें त्यास दीक्षा मिळाली; पण त्याच्यामागें तें दार पुन्हां लागलें. ह्याच साष्टींत (ठाण्याची साष्टी नव्हे, गोव्याची) स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेझुइट राहत होता. १६१६ सालीं त्याचें मराठी ख्रिस्तपुराण रायतूर येथें छापून निघालें. मायदेशीं कॅथॉलिक धर्मावर बंदी, म्हणून हा गृहस्थ रोमला जाऊन संघांत शिरला, सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून येथें आला, आणि येथील भाषेंत असा मुरला कीं त्याच्या ओव्या घरोघर म्हटल्या गेल्या. त्याचें पाचारण कोणी अडविलें नाहीं. त्याच्या ओव्या ज्यांनीं पाठ केल्या त्यांचीं मुलें मात्र त्याच्या संघांत बंधु म्हणून जाऊं शकत नव्हतीं. स्टीफन्सचा दोष आम्ही काढीत नाहीं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं त्याचा गौरव केला तो यथार्थच आहे. त्या गौरवाच्या शेजारीं ही दुसरी गोष्टहि मांडली जावी, एवढेंच.

आतां वसईचा दाखला. गोंसालु गार्सिया हा १५५६ किंवा १५५७ सालीं वसईस जन्मला. बाप पोर्तुगीज, आई एतद्देशीय. वसईच्या जेझुइटांकडे त्याचें शिक्षण झालें. १५७२ च्या सुमारास, पंधराएक वर्षांचा असतां, एका जेझुइट पाद्र्याबरोबर तो जपानास गेला. तेथें आठ वर्षें तो धर्मशिक्षकाचें काम करीत होता. जपानी भाषा त्यास उत्तम येऊं लागली. लोकांत तो प्रिय झाला. संघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यानें व्यापार धरिला, आणि त्यांत त्यास चांगलें यशहि आलें.

चरित्रकार ह्या व्यापाराच्या वर्षांवरून भरभर पुढें जातात. आम्हांस तींच वर्षें विचार करण्याजोगीं वाटतात. नकार मिळालेला मनुष्य श्रीमंत झाला, मोकळा झाला, आणि तरीहि ती हांक त्याच्या कानांतून गेली नाहीं. जहाजांच्या वाटेनें तो मनिलास जाऊं लागला. तेथें जुआन पोब्रे नांवाच्या फ्रान्सिस्कन बंधूशीं त्याची ओळख झाली, आणि अखेर त्याच फ्रान्सिस्कन संघांत तो बंधु म्हणून शिरला. पाद्री म्हणून नव्हे, हें लक्षांत ठेवावें. बंधु हा मठांतील व्रतस्थ असतो. तो मिस्सा म्हणत नाहीं, पापनिवेदन ऐकत नाहीं. स्वयंपाक, शुश्रूषा, दाराची राखण, दुभाषेगिरी अशीं कामें त्याच्याकडे येतात. १५९३ सालीं मनिलाच्या गव्हर्नरानें पेद्रु बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कनास तोयोतोमी हिदेयोशी याच्या दरबारीं वकील म्हणून पाठविलें, तेव्हां बरोबर दुभाषा म्हणून गोंसालु होता. सन १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली, धरपकड झाली, आणि १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकीच्या टेंकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकी जपानी गृहस्थ व मुलें. ज्या संघानें वसईच्या मुलास नकार दिला त्या संघाचे तिघे आणि तो मुलगा एकाच रांगेंत उभे राहिले. १८६२ सालीं रोमनें त्या सर्वांस संत म्हणून घोषित केलें. वसई तालुक्यांत गास येथें ह्या संताच्या नांवाची इगर्ज आहे.

गोंसालु अर्धा पोर्तुगीज तरी होता. दिवाडी बेटावरील नावेली गांवचा मातेव द काश्त्रु हा पुरा ब्राह्मण. जन्म सुमारें १५९४. बारदेशांतील रेइश मागुश येथें फ्रान्सिस्कनांच्या विद्यालयांत तो शिकला. दीक्षा मागितली, आणि गोव्याच्या आर्चबिशपानें ती नाकारिली. आर्चबिशप क्रिश्तोव्हांव द सा यानें ब्राह्मणांस दीक्षा न देण्याची शपथच वाहिली होती असें सांगतात. मातेव गप्प बसला नाहीं. तो खुष्कीच्या मार्गानें रोमास निघाला आणि १६२५ सालीं तेथें पोंचला. रोमांत १६२२ सालीं धर्मप्रसाराचें एक नवें खातें स्थापन झालें होतें; पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील इगर्जींवर जो अधिकार दिलेला होता त्याचा ह्या खात्यास कंटाळा येऊं लागला होता. म्हणून मातेवचें येणें खात्याच्या सोयीचें पडलें. पाचारण खरें असलें तरी त्यास राजकारणाची गरज लागते ती अशी. रोमांत त्यास दीक्षा मिळाली. १६३७ सालीं तर त्यास बिशप केलें, आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा धर्माधिकारी नेमलें. गोव्यांत त्यास पाय ठेवूं देण्यास आर्चबिशप तयार नाहीं. म्हणून त्यानें पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशहाच्या डिचोलींत, ठाणें दिलें. ज्या मुसलमान राज्याशीं पोर्तुगीजांचें वैर, त्याच्या आश्रयानें एक ब्राह्मण कॅथॉलिक बिशप गोव्याच्या वेशीवर बसून एतद्देशीयांस दीक्षा देत आहे, असें चमत्कारिक दृश्य कांहीं काळ दिसत होतें.

त्यानें दीक्षा दिलेले उमेदवार अपात्र होते असा पोर्तुगीजांचा आरोप. तो सर्वस्वीं खोटा असेल असें आम्ही म्हणत नाहीं. घाईनें माणसें भरणारा मनुष्य निवड कसोशीनें करतो असा अनुभव नाहीं. मातेवचा स्वभाव भांडकुदळ होता, आणि १६५३ सालीं त्यानें ब्राह्मण ख्रिस्त्यांस उद्देशून लिहिलेल्या पत्रांत पोर्तुगीजांविषयींचा संताप उघड आहे. परंतु दारावर तीस वर्षें धडका देणाराचा आवाज मंजुळ राहावा ही अपेक्षाच चुकीची. तो रोमांत १६७७ सालीं वारला. म्हणजे सांकवाळचा दस्तऐवज लिहिला गेला त्याच सालीं.

येथें एक तात्त्विक अडचण आहे, ती टाळून पुढें जाणें बरें नव्हे. पाचारण म्हणजे उमेदवारास आंतून वाटणारी ओढ, कीं बिशपानें त्यास बोलावणें? ह्यावर कॅथॉलिक पंडितांत पुष्कळ वाद झाला, आणि १९१२ सालीं रोमांतून असा निर्णय झाला कीं, बिशपाच्या मुखत्यार निवडीपूर्वीं दीक्षेवर कोणाचाहि हक्क नाहीं. आंतरिक ओढ ही अपरिहार्य खूण नव्हे. शुद्ध हेतु व पात्रता असली म्हणजे पुरे. शिकविण्यास हें सूत्र निर्दोष आहे. पण तें इतिहासास लावलें म्हणजे, ज्या गांवीं बिशपच जात पाहून नकार देतो तेथें पाचारण झालेंच नाहीं असें म्हणावें लागतें. गोंसालु व मातेव यांच्या आयुष्यावरून आम्हांस तसें म्हणवत नाहीं. पात्रता दोघांची होती. तीच संस्था एका दारानें नाहीं म्हणाली आणि दुसऱ्या दारानें होय म्हणाली. नकार पात्रतेचा नव्हता, वंशाचा होता. आणि वंशाची चौकशी ट्रेंटच्या कलमांत जन्माच्या सबबीखालीं अलगद बसत होती.

आतां पुन्हां सांकवाळास येऊं. जुझे वाझ १६५१ च्या एप्रिलच्या २१ तारखेस बाणावली येथें, आजोळीं, जन्मला. घराणें सांकवाळचें, ब्राह्मण. गोव्यास सांव पावलुच्या विद्यालयांत व डोमिनिकनांकडे त्याचें शिक्षण झालें. १६७५ सालीं कुश्तोदियु द पिन्यु यानें त्यास दीक्षेची अलीकडची पायरी दिली. हा पिन्यु म्हणजे मातेवच्या गादीवर आलेला दुसरा एतद्देशीय बिशप. १६७६ सालीं आर्चबिशप ब्रांदांव यानें त्यास पाद्री केलें. वय पंचवीस, ट्रेंटचें कलम नेमकें पुरें झालें. पन्नास वर्षांपूर्वीं मातेवास जें मिळालें नाहीं तें वाझास सहज मिळालें. मग दुसऱ्याच वर्षीं हा दास्याचा कागद कां?

चरित्रकार सेबास्तियांव द रेगु याचें वाझचरित्र १७४५ सालीं लिस्बनास छापलें गेलें; त्याच्या लेखीं ह्या कागदांत भक्तीशिवाय कांहीं नाहीं. रेगु वाझाच्याच संस्थेंतला, आणि संतचरित्र लिहिणारा मनुष्य पाळण्यांतच पाचारण पाहतो, त्यास इलाज नाहीं. आमचें अनुमान निराळें आहे. वाझास पाद्रीपण मिळालें तरी संघजीवन मिळत नव्हतें. अनवाणी चालणें, उपास, प्रार्थना, हें सर्व तो एकटाच करीत होता. त्या वृत्तीची परीक्षा घेणारा वडील नव्हता, शपथ ऐकणारा मठ नव्हता. मठांत शपथ घेणारा आपली इच्छा वरिष्ठाच्या हातीं देतो. वाझास वरिष्ठच नाहीं. तेव्हां त्यानें ज्या नमुन्याचे कागद त्याच्या देशांत सर्वांच्या परिचयाचे होते तो उचलला, आणि बंद दारांच्या वरून थेट मारियेच्या नांवें लिहून दिला. युरोपांत अशा दास्यभक्तीची परंपरा होती हें खरें. परंतु बाजारांत खरोखरीच गुलाम विकले जात असलेल्या गोव्यांत एका एतद्देशीयानें हा शब्द कागदावर घालणें ह्यास वेगळें वजन येतें. मठाची शपथ ज्यास घेतां येत नाहीं त्याची ही शपथ आहे, असें आम्ही समजतों.

त्यास सिंहलद्वीपीं जावयाचें होतें. डचांनीं तेथून पोर्तुगीजांस १६५८ पर्यंत हांकलून कॅथॉलिक पाद्र्यांस बंदी घातली होती. वरिष्ठांनीं त्यास तिकडे न पाठवितां १६८१ सालीं कानडा प्रांतीं धाडिलें. मंगळूर, बसरूर, गंगोळी ह्या भागांत त्यानें तीन वर्षें काढिलीं. आणि तेथें त्याची गांठ पडली ती मातेवच्या पुतण्याशीं, थोमास द काश्त्रु याच्याशीं, जो रोमच्या बाजूनें त्याच प्रांतावर हक्क सांगत होता. दोघे एतद्देशीय, दोघे ब्राह्मण, आणि एक लिस्बनचा, एक रोमचा. वाझानें हें भांडण होतां होईल तों सौम्यपणें चालविलें असें दिसतें.

तो १६८४ सालीं परतला तेव्हां गोवा नुकताच संभाजीराजांच्या स्वारींतून उठला होता. १६८३ च्या नोव्हेंबरांत मराठे जुवें बेटावर उतरले, आणि व्हाइसरॉय आल्व्होर यानें शेवटीं सेंट झेव्हियरच्या शवाच्या हातीं अधिकारदंड ठेविला, ही हकीकत मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. तितकी ठाऊक नाहीं ती पुढची. १६८४ च्या जूनच्या २७ तारखेस त्याच आल्व्होरनें फर्मान काढिलें कीं, एतद्देशीय भाषा टाकून सर्वांनीं तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें. स्टीफन्सच्या पुराणाचा काळ संपला. त्याच सुमारास, १६८२ पासून, पाश्कोआल द कोश्ता जेरेमियश ह्या एतद्देशीय पाद्र्याच्या पुढाकारानें कांहीं मंडळी बाती गांवीं एकत्र राहूं लागली होती. पुढें जुन्या गोव्याच्या बोआ व्हिश्त टेंकडीवरील चमत्काराच्या क्रुसाची इगर्ज त्यांस मिळाली. १६८५ च्या सप्टेंबरच्या २५ तारखेस वाझ त्यांत दाखल झाला, आणि लौकरच तो त्यांचा प्रमुख झाला.

ह्या मंडळीची युक्ति वाखाणण्याजोगी आहे. मठ काढण्यास परवानगी मिळाली नसती. म्हणून त्यांनीं फिलिप नेरी याच्या ओरातोरीचा नमुना घेतला. ओरातोरींत पाद्री एकत्र राहतात, एकत्र प्रार्थना करतात, पण मठाची शपथ घेत नाहींत. शपथ नाहीं म्हणजे मठ नाहीं. मठ नाहीं म्हणजे मनाई कशाची? लिस्बनच्या ओरातोरीचे नियम मागवून ते त्यांनीं लागू केले, आणि १७०६ सालीं पोपनें संस्थेस मान्यता दिली. एतद्देशीयांस आपलें पाचारण आपल्याच वडिलधाऱ्यांपुढें पारखून घेतां येईल असें घर ह्या किनाऱ्यावर प्रथम झालें तें हें.

परंतु ह्या घराचें दारहि सर्वांस उघडें नव्हतें. ओरातोरींत ब्राह्मण ख्रिस्तीच घेत. चारड्यांस, म्हणजे क्षत्रिय म्हणविणाऱ्या ख्रिस्त्यांस, तेथें मज्जाव; त्यांची मंडळी पुढें अठराव्या शतकांत चिंबल येथें कार्मेलच्या नांवानें निराळी झाली. जन्माची चौकशी ज्यांस नडली त्यांनीं ती स्वतःच्या दाराशीं तशीच चालू ठेविली. ह्या दोन्ही जातींच्याहि खालीं जे होते त्यांचे कागद आमच्या पाहण्यांत नाहींत, आणि त्यांच्या नांवें शेत करून देणारें कुटुंबहि नव्हतें.

वाझ प्रमुखपद सोडून १६८६ सालीं गोव्याहून निघाला, आणि पुढच्या वर्षीं मजुराच्या वेषांत जाफन्यास उतरला. युरोपीय पाद्री तेथें ओळखला गेला असता आणि धरला गेला असता. ज्या काळ्या कातडीपायीं साष्टींत मठाचीं दारें बंद, तिच्यामुळेंच डचांच्या पहाऱ्यांतून त्यास वाट मिळाली. १६९२ सालीं कँडीच्या राजानें त्यास पोर्तुगीजांचा हेर समजून अटकेंत ठेविलें. अवर्षणांत त्याच्या प्रार्थनेनें पाऊस पडला आणि राजाची मर्जी बसली, असें चरित्रकार सांगतो. पावसाचें आम्ही सोडून देतों. राजाचा आश्रय मिळाला हें निश्चित. १६९७ सालीं ओरातोरीचे दुसरे पाद्री त्याच्या मदतीस येऊं लागले. पुढें आलेल्यांत जाकोमे गोंसाल्विश हा मातेवच्याच दिवाडी बेटावरचा. त्यानें सिंहली व तामिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. स्वतःच्या भाषेंत लिहिण्याचा मार्ग आल्व्होरच्या फर्मानानंतर गोव्यांत अरुंद झाला होता, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. वाझ १७११ च्या जानेवारीच्या १६ तारखेस कँडी येथें वारला.

वसईचें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि युरोपीय मठवासी निघून गेले. उत्तर कोंकणांतील ख्रिस्त्यांचे विधि पुढें ज्यांनीं चालू ठेविले ते बहुतेक एतद्देशीय पाद्री. मठांत ज्यांस जागा नव्हती, तेच मठ ओस पडल्यावर राहिले.

१८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांतील सर्व संघ मोडले, त्यांत ओरातोरीहि गेली. पुढें दहा वर्षांनीं टेंकडीवरचा क्रूस जुन्या गोव्याच्या मोठ्या इगर्जींत नेऊन ठेविला. तो तेथें अद्याप आहे. टेंकडीवर पडक्या भिंती आहेत. वाझास २०१५ च्या जानेवारीच्या १४ तारखेस कोलंबोच्या समुद्रकिनारीं पोपनें संत म्हणून घोषित केलें. सांकवाळच्या जुन्या इगर्जीची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. बाकीची इमारत एकोणिसाव्या शतकांत आगींत गेली.